भंगारातल्या खिडक्या, पाइप आणि पन्नी: इंदूरजवळ घरगुती ग्रीनहाउस कसं उभारावं?

काळी_माती

नमस्कार. राऊच्या पुढे गावात घरामागे मोकळी जागा आहे. तिथे १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद ग्रीनहाउस उभं करायचं आहे. नवीन सामान शक्य तितकं कमी आणायचं, बजेट दहा हजारांच्या आत.

हाताशी आहे ते असं: पाडलेल्या जुन्या घरातून निघालेल्या सागवानी चौकटीच्या ९ खिडक्या (३ फूट रुंद, ४ फूट उंच, काचा शाबूत), एक इंची जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप २० फुटी ५ नग, पंधरा-वीस बांबू, गंज चढलेल्या पत्र्याच्या ४ चादरी, फ्लेक्सचे ६ बॅनर, २०० लिटरचे २ निळे ड्रम आणि ठिबकची जुनी १६ मिमीची नळी. कबाडीवाल्याकडे सिमेंटच्या जुन्या नालीदार चादरीही स्वस्तात मिळतायत.

जमीन काळी, साधारण ३ फूट, खाली मुरूम. पश्चिमेला उघडं शेत, वारा थेट येतो. हिवाळ्यात टोमॅटो आणि पालेभाजी, फेब्रुवारीपासून रोपं, असा विचार आहे.

विचारायचं हे: खिडक्या छतावर लावल्या तर चालतील का? काळ्या मातीत खांब पक्के कसे राहतात? पन्नी (प्लॅस्टिकचा कागद) कोणती घ्यावी? आणि एप्रिल-मे मध्ये आत भट्टी होऊ नये म्हणून काय करावं? युरोपातले व्हिडिओ बघून विचारते आहे, तिथे सगळे ऊब धरून ठेवण्याबद्दलच बोलतात.

जुना_पाइप

ताई, शेवटच्या वाक्यातच मुख्य मुद्दा आलाय. मालव्यात वर्षातले आठ-नऊ महिने ऊब बाहेर कशी काढायची हाच प्रश्न असतो. डिसेंबरातसुद्धा बाहेर २५ अंश असताना पूर्ण बंद पन्नीघरात दुपारी ४० च्या वर पारा जातो. म्हणून सांगाडा कायमचा करा आणि अंगावरचं कापड ऋतूप्रमाणे बदलता येईल असं ठेवा. आधी सांगाड्याचं सांगतो, पन्नीचं कोणीतरी माझ्याहून नीट सांगेल.

कणा उत्तर-दक्षिण ठेवा. म्हणजे १२ फुटी लांब बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला येतील. उन्हाळ्यात आणि पावसात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येचा, तो आडवा आरपार जाईल. सावलीही दिवसभर फिरत राहते, एकाच वाफ्यावर बसत नाही.

छत दोन्ही बाजूंनी सारखं उतरतं करू नका. करवतीच्या दातासारखं करा. पश्चिमेची वळचण जमिनीपासून साडेसहा फूट, तिथून छत चढत ५ फूट आत येईल आणि ९ फुटांवर संपेल. पूर्वेचा उतार त्याच जागी, पण सव्वा फूट खालून, म्हणजे पावणेआठ फुटांवरून सुरू होईल आणि ३ फुटांत साडेसहावर उतरेल. मधे सव्वा फुटाची उभी फट पूर्ण १२ फूट लांब राहते. तिचं तोंड पूर्वेला, वाऱ्याच्या पाठीकडे. गरम हवा तिथून सुटते आणि पश्चिमेचा पाऊस आत येत नाही. फटीला फक्त जाळी लावा, पन्नी नको. जानेवारीच्या थंड रात्रीपुरता फ्लेक्सचा एक पडदा वरून सोडता येईल.

आता पाइप कापायचं गणित, कारण इथेच जुन्या सामानाची नासाडी होते. खांब ८, प्रत्येक बाजूला ४, दर ४ फुटांवर. एक खांब साडेआठ फुटांचा: साडेसहा वर, दोन काँक्रीटमध्ये. २० फुटी पाइपातून दोन खांब निघतात आणि ३ फुटांचा तुकडा उरतो. तो टाकू नका. चार पाइपांतून ८ खांब झाले की असे चार तुकडे उरतात आणि छताच्या शेंड्याला आधार देणारे अडीच फुटी उभे तुकडे चारच लागतात. हा उभा तुकडा आडव्या ताणपट्टीवर (समोरासमोरचे दोन खांब जोडणाऱ्या पाइपावर) पश्चिमेच्या खांबापासून ५ फुटांवर बसतो. त्याच्या डोक्यावर पश्चिमेचा उतार टेकतो आणि सव्वा फूट खाली, त्याच तुकड्यावर, पूर्वेचा.

वळचणीच्या उंचीवर दोन्ही बाजूंचे खांब जोडणाऱ्या ८ फुटी ताणपट्ट्या ४ लागतील. एका पाइपातून दोन निघतात. तुमचा पाचवा पाइप त्यात जाईल आणि एक इंची आणखी एक घ्यावा लागेल. लांबीच्या पट्ट्या १२ फुटी ४, पश्चिमेच्या उताराचे वासे ५ फूट ७ इंची ४, पूर्वेचे सव्वातीन फुटी ४. हे सगळं पाऊण इंची पाइपात होतं. चार पाइपांतून प्रत्येकी एक पट्टी आणि एक लांब वासा, पाचव्या पाइपातून चारही आखूड वासे. म्हणजे विकत घ्यायचा एकूण पाइप ५५ किलोच्या आसपास. इंदूरच्या लोहामंडीत जुना पाइप किलोवर मिळतो. घेताना टोकाला डोळा लावून आरपार बघा: आत पापुद्रे सुटलेले दिसले तर तो पाइप बाहेरून कितीही बरा दिसो, सोडून द्या. बोटाने वाजवल्यावर बद्द आवाज आला तरी तेच.

जीआयवर थेट वेल्डिंग करू देऊ नका. जस्ताचा धूर विषारी असतो, ताप येतो. सांध्याच्या जागी दोन इंच जस्त घासून काढायला सांगा, काम उघड्यावर, आणि नंतर त्या जागेवर रेड ऑक्साइड व वर अॅल्युमिनियम पेंट. वेल्डिंग टाळायचं असेल तर यू-बोल्ट लावा. ऐन गरजेला खोलता येतं हा त्याचा मोठा फायदा.

खांबांचं. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते. उथळ काँक्रीटचा गोळा ती वर्षाला थोडाथोडा वर ढकलते, आणि प्रत्येक खांब वेगळ्या मापाने उचलला जातो. मग छत पिळतं, दार लागत नाही. उपाय असा: १० इंच व्यासाचा, अडीच फूट खोल खड्डा. तळाशी तो दोन-दोन इंच रुंद करा. खाली ६ इंच मुरूम घालून कुटा. मग खड्ड्याच्या भिंतीला तुमच्या फ्लेक्सचा तुकडा गोल गुंडाळून उभा करा, गुळगुळीत बाजू मातीकडे. आत काँक्रीट. माती फुगली तरी फ्लेक्सवरून घसरते, काँक्रीटला घट्ट पकडून वर ओढत नाही. खांबाच्या बुडाशी भोक पाडून १२ मिमी सरियाचा (लोखंडी सळीचा) ८ इंची तुकडा आडवा घाला, नाहीतर पाइप काँक्रीटमधून सुळकन बाहेर येतो. काँक्रीटचं डोकं जमिनीच्या दोन इंच वर काढून उतरतं करा. पाणी तिथे थांबलं की पाइप नेमका त्याच रेषेवर सडतो, म्हणून त्या रेषेजवळच्या सहा इंचांना डांबर लावा.

माल: १:२:४ प्रमाणात आठ खड्ड्यांना सिमेंटच्या २ गोण्या, वाळू ४ घनफूट, गिट्टी (खडी) ८ घनफूट. एका खड्ड्याचं वजन ७५ किलोच्या आसपास, आठ मिळून सुमारे ६०० किलो. एवढं कशाला, असं वाटेल. ताशी ८० किलोमीटरच्या झोताचा दाब एका चौरस मीटरवर ३० किलोच्या आसपास असतो. तुमचं छत साधारण १० चौरस मीटर. म्हणजे ३०० किलोंची ओढ वरच्या दिशेने. बाजू उघड्या असताना वारा आत शिरला की खालूनही ढकलतो. पन्नीघर पडत नाही, उडतं.

दोन्ही लांब बाजूंच्या टोकाच्या खणात जाड जीआय तारेची फुली मारा आणि टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ताणा. पश्चिमेला १०-१५ फुटांवर तुरीची दाट ओळ किंवा शेवगा लावा. भिंत नको, भिंतीमागे वारा भोवरा घालतो. झाडं त्याला गाळून सोडतात.

चौकट_आणि_काच

खिडक्यांबद्दल मी लिहितो. छतावर अजिबात नको. जुनी साधी काच फुटली की सुऱ्यासारखे लांब तुकडे खाली येतात, आणि गारपिटीत किंवा आंब्याची फांदी पडली तरी ती फुटते. शिवाय वजन. ४ मिमी काच एका चौरस मीटरला १० किलो, ३ मिमी साडेसात. त्यात सागवानी चौकट. एक खिडकी सहज १५ किलोंची होते, पाऊण इंची वाशावर ती ठेवायची नाही.

खिडक्या दोन्ही टोकांच्या भिंतींत बसवा. दक्षिणेला दोन शेजारी-शेजारी, मधे लाकडी उभी पट्टी. उत्तरेला अडीच-तीन फुटी दार आणि त्याच्या बाजूला एक. खालचा अडीच फूट पत्र्याने बंद करा, तुमच्या गंजलेल्या चादरी तिथे कामाला येतील. खिडकीचं वजन पाइपावर लटकवू नका. खाली विटांवर किंवा जाड लाकडी उंबऱ्यावर टेकवा, पाइपाला फक्त पट्टीने धरा. बिजागऱ्या काढू नका, उघडणारी झडप म्हणजे फुकटचा झरोका. वरचा त्रिकोण पन्नीने बंद करा.

जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या पोटात जायला नको. ओल्या पॉलिश पेपरने घासा, खाली कागद अंथरा, चिखल गोळा करून कचऱ्यात द्या, वाफ्यात झाडू नका. पुट्टी सुटली असेल तर खरवडून नवी भरा. पुट्टी भरायच्या आधी खाचेला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड पुट्टीतलं तेल शोषतं आणि ती वर्षात तडकते.

सिमेंटच्या जुन्या चादरी घेऊ नका. जुन्या चादरींत अॅस्बेस्टॉस असतं. कापताना, भोक पाडताना, घासताना जी बारीक तंतूंची धूळ उडते ती फुप्फुसात कायमची बसते. फुकट दिल्या तरी नको.

उरलेल्या सहा खिडक्यांपैकी दोन रोपांच्या पेटीला वापरा. जुन्या विटा मातीत रचून पेटी, मागची बाजू १८ इंच, पुढची १२, उतार दक्षिणेकडे, वर खिडकी आडवी टेकवलेली. ग्रीनहाउस पूर्ण होण्याआधीच टोमॅटो-मिरचीची रोपं त्यात तयार होतील. फक्त सकाळी नऊच्या आत काडी लावून चार बोटं उघडायची. विसरलात तर दुपारपर्यंत रोपं शिजतात.

रोपवाटिका_महू

पन्नीचं. ताडपत्रीच्या दुकानातली साधी पारदर्शक पन्नी घेऊ नका, ती मे संपायच्या आत कुरकुरीत होऊन फाटते. यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी), २०० मायक्रॉन मागा. बजेट जिथे घालायचं ते इथेच, बाकी सगळं भंगारातून चालेल. जुन्या पॉलीहाउसवरून उतरवलेली पन्नी स्वस्त मिळते, पण तिचं आयुष्य बाहेर उन्हात आधीच गेलेलं असतं. बाजूच्या पडद्यांना एक हिवाळा चालेल, छताला नाही.

जुना_पाइप यांच्या मापाने पन्नी अशी लागेल: पश्चिमेचा उतार १४ बाय ६ फूट ७ इंच, पूर्वेचा १४ बाय सव्वाचार, बाजूचे दोन पडदे प्रत्येकी १४ बाय साडेपाच, टोकांचे त्रिकोण मिळून ३० चौरस फूट. एकूण ३४० चौरस फुटांच्या आत. २०० मायक्रॉनची पन्नी चौरस मीटरला सुमारे १८४ ग्रॅम भरते, म्हणजे सगळी मिळून ६ किलोच्या आत. दुकानदार किलोवर देतो तेव्हा हा हिशेब हातात ठेवा. मायक्रॉन कमी निघाले तर वजनावरून लगेच कळतं.

पन्नी जिथे पाइपाला टेकते तिथेच आधी फाटते, कारण उन्हात लोखंड तापून तिला भाजतं. टेकणाऱ्या सगळ्या पाइपांच्या वरच्या अंगाला पांढरा रंग द्या किंवा जुन्या पांढऱ्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळा. पीव्हीसी पाइप पन्नीला थेट लागू देऊ नका, त्यातला क्लोरीन पन्नीतल्या यूव्ही औषधाला खातो. गंधक फवारलं तरी तेच होतं. भुरी रोगासाठी आत गंधकाची पावडर किंवा धुरी वापरत गेलात तर तीन वर्षांची पन्नी दीड वर्षात जाते.

बांधायची कशी: खिळे आणि थेट स्टेपल नको. प्रत्येक भोक पुढच्या वाऱ्यात फाटतं. वळचणीच्या पाइपावर पन्नी एक वळसा गुंडाळून वरून उभी चिरलेली काळी एचडीपीई नळी दाबून बसवा. पाऊण इंची पाइपाला १ इंची नळीचे ४-४ इंची तुकडे, दर दीड फुटाला एक. नळी गरम पाण्यात बुडवून मऊ केली की सहज चढते. मग वाशांच्या मधल्या प्रत्येक खणात पन्नीवरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आडवी ताणून दोन्हीकडे बांधा. झोत आला की पन्नी फडफडते, आणि फडफडूनच ती संपते. ट्यूब तिला दाबून धरते आणि स्वतः ताणली जाते, म्हणून दोरीपेक्षा बरी.

बाजूचे पडदे गुंडाळायचे ठेवा. खालचा दीड फूट फ्लेक्सची स्थिर पट्टी, सहा इंच मातीत गाडलेली. त्याच्या वर साडेसहापर्यंत पाच फुटांचा पडदा. पडद्याच्या खालच्या काठाला सरळ बांबू, गाठी पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेला, त्यावर पन्नी दोन वळसे. बाहेरून दोन दोऱ्या कप्पीवरून. दोन्ही पडदे वर गेले की १२० चौरस फूट मोकळं होतं, म्हणजे जमिनीच्या ९६ चौरस फुटांपेक्षाही जास्त. इतकंच पाहिजे.

बांबू जमिनीत गाडू नका. पहिल्याच वर्षी बुड सडतं, वर भुंगा लागतो तो वेगळाच.

काळी_माती

खूप उपयोगी, मनापासून आभार. पाइप कापायचं गणित तर कागदावर उतरवून घेतलं. दोन गोष्टी अजून. एक, उन्हाळ्यात छताची पन्नी काढून हिरवी जाळी लावायची, की पन्नीवरच जाळी टाकायची? दोन, थंडीच्या रात्री आत किती ऊब राहील? ड्रम काळे करून पाणी भरून ठेवतात असं वाचलं.

रोपवाटिका_महू

मार्चच्या मध्यावर काढा, मेअखेर-जूनच्या पहिल्या आठवड्यात परत चढवा. ते अडीच-तीन महिने उन्हाचे आणि धुळीच्या वावटळींचे असतात, त्यांतून वाचली तर पन्नीला आणखी एक हिवाळा मिळतो. काढताना घडी घालू नका, घडीच्या रेषेवर ती तडकते. बांबूवर गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठेवा, उंदरांपासून लांब. त्या जागी ५० टक्के ऊन अडवणारी जाळी.

जुना_पाइप

इथे माझं मत वेगळं आहे. दरवर्षी उतरवण-चढवण केली की काठ घासतात, आणि अवेळी पाऊस-गारा एप्रिल-मे मध्येच येतात, तेव्हा छत जाळीचं असेल तर रोपांचे ट्रे धुऊन जातात. फेब्रुवारीपासून रोपं करायची असतील तर छताची पन्नी राहू द्या, फक्त बाजूचे पडदे पूर्ण वर गुंडाळून ठेवा आणि जाळी पन्नीच्या वर, एक फूट अंतर ठेवून ताणा. अंतर महत्त्वाचं. जाळी पन्नीला चिकटली तर ती तापून खाली उष्णता सोडते. आतल्या बाजूने बांधली तर ऊन आत आल्यावर अडतं, उपयोग निम्मा. शेंड्याच्या पट्टीवर आणि दोन्ही वळचणींवर उभे बांबू बांधून त्यांच्यावर तार टाका, जाळी तारेवर सरकती ठेवा. ढगाळ दिवशी ओढून घेता येते.

जाळी वरूनच हवी याचं कारण इंदूरचं स्थान. कर्कवृत्त उज्जैनच्या जरा उत्तरेकडून जातं. २१ जूनच्या सुमारास दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, बाजूच्या सावलीने काही होत नाही. २१ डिसेंबरला तोच दुपारी क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो, म्हणून हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन खोल आत येतं. दक्षिणेला मोठं झाड असेल तर हिवाळाच हुकतो.

तळटीप म्हणा: पावसाआधी छतावर चढून, म्हणजे शिडीवरून, पन्नी कुठे झोळ धरते का ते हाताने दाबून बघा. १ चौरस फुटावर १ इंच पाणी म्हणजे २.३६ किलो. चार बाय चार फुटांच्या झोळात सरासरी तीन इंच साचलं तर ११० किलोंच्या वर. वासा वाकतो, झोळ वाढतो, आणखी पाणी साचतं. छतं एका रात्रीत खाली येतात ती अशी. आपला उतार पुरेसा आहे, फक्त पन्नी सैल नको.

रोपवाटिका_महू

रोपांसाठी जुना_पाइप यांचं बरोबर, मी फक्त टोमॅटो-भाजीच्या दृष्टीने लिहिलं होतं. एप्रिल-मे मध्ये टोमॅटोचा हट्ट मात्र धरू नका. दिवसा ३५ च्या वर पारा गेला की परागकण निकामी होतात, फुलं गळतात, जाळी असली तरी. ऑक्टोबरात लावा, मार्चपर्यंत घ्या. आणि आत वारा-मधमाशा कमी, म्हणून रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास टोमॅटोच्या आधाराच्या दोरीला हलका ठोसा द्या, पराग पडतो. काकडी-दुधीला हाताने परागण करावं लागेल.

थेंबथेंब

रात्रीच्या उबेबद्दल. एकेरी पन्नीकडून फार अपेक्षा ठेवू नका. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा एखाद-दोन अंशच जास्त असतं, कधी कधी कमीसुद्धा. साधी पॉलिथिन जमिनीतून निघणारी उष्णता आरपार जाऊ देते. पडदे सूर्यास्तानंतर सोडण्यात अर्थ नाही. साडेचारच्या सुमारास सोडा, म्हणजे दिवसाची शिल्लक आत अडकेल.

ड्रम उपयोगी आहेत, पण किती ते बघा. दोन ड्रम म्हणजे ४०० लिटर. रात्रभरात ते ५ अंशांनी थंड झाले तर साधारण २.३ युनिट विजेइतकी उष्णता सोडतात. एका छोट्या हीटरचं दोन-अडीच तासांचं काम. दव गोठेल अशा थंड रात्री तेवढं वाफ्याजवळच्या हवेला पुरतं, पूर्ण घराला नाही. म्हणून ड्रम कोपऱ्यात नको. दक्षिणेच्या खिडक्यांसमोर ऊन खाईल असे ठेवा, मॅट काळा रंग द्या, वरून रोपांचे ट्रे. खाली पक्क्या विटा, एक भरलेला ड्रम २०० किलोंच्या वर जातो. सगळ्यात स्वस्त उपाय वेगळाच आहे: अतिथंड रात्री वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या लहान कमानी आणि त्यांच्यावर जुनी चादर. घराच्या आत घर. दोन थरांमधली हवा काम करते. सकाळी आठला चादर काढायची.

ड्रम कुठला आहे ते आधी बघा. पीथमपूरच्या कारखान्यांकडून निघालेले निळे ड्रम भंगारात खूप येतात. लेबल फाटलेलं, वास येणारा, कीटकनाशकाचा किंवा सॉल्व्हंटचा असेल तर तो धुऊनही चालत नाही, प्लास्टिक आत शोषून ठेवतं. खाद्यतेल, साबणाचा कच्चा माल चालतो. तिथल्याच लाकडी पॅलेटची मांडणी करणार असाल तर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. दवाखान्यातले सलाइनचे वापरलेले सेट ठिबकला लावायची युक्ती सगळीकडे फिरते. तो जैविक कचरा आहे, भाजीजवळ आणूच नका.

तुमची १६ मिमी नळी आधी दोन्ही टोकं उघडी ठेवून जोरात पाणी सोडून धुवा. मग टोक बंद करून एकेका ड्रिपरखाली वाटी ठेवून १५ मिनिटं मोजा. ४ लिटर ताशीचा ड्रिपर असेल तर वाटीत एक लिटर यायला हवं. अर्ध्याहून कमी आलं तर तो ड्रिपर काढा, भोक बंद करणारी गुल्ली लावा आणि शेजारी नवा ठोका. बोअरचं पाणी खारट-चुनकट असेल तर पांढरे थर पुन्हा जमतात, म्हणून छताचं पावसाचं पाणी पन्हाळीतून ड्रममध्ये घ्या. छोट्या घरात ड्रम तीन फूट उंच ठेवला तरी थेंब पडतात, मात्र कमी दाबावर चालणारे ड्रिपर लागतात.

आत ओल साचू देऊ नका. सकाळी पन्नीच्या आतून थेंब टपकतात, पानं ओली राहतात आणि करपा-भुरी सुरू होते. थंडीतही रोज नऊच्या सुमारास पूर्वेचा पडदा हातभर उघडा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. पांढऱ्या माशीसाठी फटीला आणि बाजूंना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीडरोधक जाळी चालते, पण ती हवा अडवते. जाळी लावली की फटीची लांबी पूर्ण १२ फूट ठेवणं अनिवार्य, मधे पत्र्याने कुठे बुजवू नका. थर्मामीटर पानांच्या उंचीवर, सावलीत टांगा. पाइपाला बांधला तर तो पाइपाचं तापमान सांगतो.

काळी_माती

ड्रमचं लेबल आज बघितलं, साबणाच्या कारखान्याचे आहेत. सिमेंटच्या चादरींना नाही म्हणून सांगितलं. खड्डे कधी खणावेत? आत्ताच सुरू करू का?

जुना_पाइप

जमीन बोटभर भेगाळलेली असेल तर आत्ता नको, आणि पावसात तर मुळीच नको. भेगांत काँक्रीट पसरतं आणि पहिल्या पावसात माती फुगून त्याला तिरकं ढकलते. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा योग्य, माती ओलसर पण चिकट नाही. मुठीत दाबलेला गोळा टिकला आणि हाताला लागला नाही म्हणजे खणायला हरकत नाही. आधी चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि कर्ण मोजा. १२ बाय ८ ला कर्ण १४ फूट ५ इंच येतो, दोन्ही कर्ण सारखे आले तरच खणा. काँक्रीट ओतल्यावर खांब ओळंब्याने सरळ करून बांबूंनी टेकू द्या, सात दिवस ओली पोती घाला, तोवर वर काही चढवू नका.

पन्नी ओढायला वारा पडलेला दिवस धरा, अकरा ते दोनच्या मधे, तीन माणसं. थंड सकाळी ओढली तर दुपारी सैल पडते, फार कडक उन्हात ओढली तर रात्री आक्रसून चिमट्यांतून सुटते. आधी पश्चिमेची वळचण पक्की करा, मग शेंड्याकडे ओढा, टोकं शेवटी.